वह्यावाटप पुरे झालं. तालुक्याचा एकच कायमनिधी काढूया का?

राजापूरकर_परळ
जूनमध्ये आमच्या ग्रामस्थ मंडळाचा गुणगौरव झाला. हॉल, नारळ, शाल आणि प्रत्येक मुलाला डझनभर वह्या. त्याच मुलांना गावात पुढाऱ्यांकडून आणखी दोन डझन मिळतात. एक वहिनी सांगत होत्या, उरलेल्या वह्यांत त्या दुधाचा हिशोब लिहितात. त्यांच्या मुलाला अकरावीला रत्नागिरीत राहायचं होतं. खोलीच्या डिपॉझिटला मात्र कोणी पुढे आलं नाही.

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला आला की आपण छाती फुगवतो. पुढे त्या पोरांचं काय होतं, कोण विचारतं?

माझं म्हणणं असं की तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी मिळून एक फाउंडेशन काढावं. त्याचा कायमनिधी असेल, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून विद्यार्थ्यांना आणि गावातल्या छोट्या संस्थांना द्यायचं. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने हेच सुरू केलं. देणगीदार वारल्यावर त्यांच्या जुन्या अटींमुळे पैसा अडकून पडायचा, म्हणून वाटपाचे अधिकार स्थानिक समितीकडे दिले. आमच्या शाळेत अजून ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास ५१ रुपये’ अशी पाटी आहे. शाळेत संस्कृत शिकवणं कधीच बंद झालंय.

गुहागरचा_खारवी
दादा, गणित करा. दहा लाख जमवले, सात टक्के धरले, तरी वर्षाला ७० हजार. त्यात सात पोरांना दहा-दहा हजार. आणि दहा लाख जमेपर्यंत तुमचा तो डिपॉझिटवाला मुलगा स्वतः पोरांचा बाप होईल. पैसा आहे तो आज द्या. एफडीत ठेवून बँकेचं भलं कशाला?

चिपळूण_बाजारपेठ
२२ जुलै २०२१ च्या पुरात माझं दुकान पार बुडालं, म्हणून बोलतो. पहिल्या आठवड्यात इतके टेम्पो आले की बिस्किटांचे खोके ठेवायला जागा नव्हती. साड्या, चादरी, पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्यांचे उपकार आहेतच, त्याबद्दल एक शब्द नाही. पण दिवाळी आली तेव्हा शेजारच्या शिलाईवाल्या ताईंना मशीन हवी होती, एका मुलीची कॉलेजची फी थकली होती, आणि तोवर टेम्पो आटले होते. तेव्हा कुणाकडे थोडा राखीव पैसा असता तर? पूर सांगून येत नाही आणि वर्गणी आठ दिवसांत आटते.

कुडाळचो_झील
माका एक सांगा, ह्या फाउंडेशनचो हापिस खय? आमच्या पोरांनी अर्ज घेवन थंय जावचो? देवळाच्या वर्गणीचो हिशोब मांडार, म्हणजे गाव जमता थंय, बसान तोंडार विचारूक येता. तुमच्या ट्रस्टीक कोण विचारतलो? चार निवृत्त सायब खुर्ची धरून बसतले, आणि शिफारशीशिवाय फॉर्म हलूचो नाय.

दापोली_खजिनदार
झिला, भीती खरी आहे, पण दुसरी बाजूही ऐक. मी विशेष मुलांच्या एका छोट्या शाळेचे हिशोब बघतो. तीन शिक्षिका, एक रिक्षा, बाकी देवाची कृपा. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. आयकराचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला सूट) सगळ्यांना नव्याने नोंदवावं लागलं. प्रत्येक देणगीदाराची माहिती १०बीडी फॉर्मात भरायची, मग त्याला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा पैसा, हवा तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी. यात माझा अर्धा पावसाळा जातो आणि शिक्षिकांचा पगार राहतो. तालुक्याला एक जाणता माणूस पगारावर ठेवला, तो दहा संस्थांचे कागद बघेल, तर त्याचं मोल व्याजापेक्षा जास्त आहे. पण इथेच घोडं पेंड खातं. देणगीदार म्हणतो, ‘माझा रुपया पोरांनाच जाऊ दे, ऑफिसखर्चाला पैसा देणार नाही.’

हिशोबी_देवगड
दोन गोष्टी. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची सूट मिळतच नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ सांगून वर्गणी मागू नका. जुनीतही दोन हजारांवरची रोख देणगी बाद. दुसरं, एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेली रक्कम २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर करमाफीसाठी पूर्ण खर्च म्हणून धरत नाहीत, ८५ टक्केच धरतात. संस्थांना वाटप करणाऱ्या फाउंडेशनला हे आधी बघावं लागेल. आणि कायमनिधीत द्यायचं असेल तर देणगीदाराकडून तसं लेखी घ्या. नुसती पावती फाडून चालणार नाही.

राजापूरकर_परळ
खारवीदादा, ७० हजारांचा हिशोब मान्य, मी तो केलाच नव्हता. मग सगळं कायमनिधीत नको. अर्धं यंदाच वाटू, अर्धं ठेवू.

संगमेश्वरची_लेक
वाटायचं कशावर, हे कोणी बोलत नाही. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ आहे. तिथे पुन्हा पैसे घालू नका. अडतं ते खोलीभाडं, मेस, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बुडणारी मजुरी. माझ्या धाकट्या बहिणीला फी माफ झाली, तरी पहिल्या महिन्याच्या मेसचे पैसे आईने कानातले मोडून भरले.

गुहागरचा_खारवी
मग पहिला महिना आपण धरू. डिपॉझिट आणि मेस, बस्स. फॉर्म एका पानाचा. सही सरपंचाची नको, वर्गशिक्षकांची चालेल.

कुडाळचो_झील
आणि हिशोब मांडार.

राजापूरकर_परळ
मांडावर. आमची सभा गणपतीत पाचव्या दिवशी, आरतीनंतर. वह्यांची ऑर्डर देणारे काका नाराज होणार, त्यांचंच छपाईचं दुकान आहे.