विषय: कुष्ठरोग निधी यंदा दुसरीकडे वळवावा का?

प्रेषक: कोषाध्यक्ष

सर्वांना नमस्कार,

दर संक्रांतीला मंडळ विदर्भातल्या एका कुष्ठरोग संस्थेला देणगी पाठवतं. यंदा समितीत वेगळी सूचना आली आहे. भारतात 2019 मध्ये 1 लाख 14 हजार नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले, 2023 मध्ये 1 लाख 8 हजारांच्या आत. जगाचा आकडाही 2 लाखांवरून 1 लाख 83 हजारांवर आला. रोग ओसरतोय, तर पैसे दुसऱ्या कामाला द्यावेत, असं काहींना वाटतं. रविवारच्या सभेआधी मतं कळवावीत.

---

प्रेषक: सभासद (पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ)

काका, सादर नमस्कार.

आकडे बरोबर आहेत, पण मधली वर्षं गाळली की ते भलतंच सांगू लागतात. 2020 मध्ये भारतात फक्त 65 हजार नवे रुग्ण नोंदले गेले. कुष्ठरोग एका वर्षात असा निम्म्यावर येत नाही. जंतू इतका संथ वाढतो की लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. 2020 मध्ये जे सापडायला हवे होते, त्यांना लागण कोविडच्या कितीतरी आधी झालेली होती. मास्क आणि अंतरानं त्यांच्यात काही फरक पडणार नव्हता. ते घरीच होते, त्यांच्या दारी कोणी गेलं नाही.

1 एप्रिल 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की हत्तीरोगाच्या सामुदायिक गोळ्या, घरोघरचा रुग्णशोध, सर्वेक्षणं सगळं पुढे ढकला. त्या दिवसांत दुसरं काही सांगता आलं नसतं, असंच माझं मत आहे. पण कुष्ठरोगात घरोघर जाणं थांबलं की काय होतं, ते ज्यानं हे काम केलंय त्यालाच कळतं.

ताप आला की माणूस आपण होऊन दवाखान्यात येतो. हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. पाठीवर असला तर ज्याचा त्याला दिसतही नाही. घरातले म्हणतात शिबं असेल. म्हणून मोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी जाते. ती बायकांना आत नेऊन बघते, तो पुरुषांना सदरा काढायला लावून उजेडात पाठ बघतो. संशय आला तर आम्ही जायचो. डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि म्हणायचं, ‘कुठं टेकलं, बोटानं दाखवा.’ बाकी अंगावर बोट नेमकं जातं. चट्टा बधिर असतो, तिथं टेकवलं की हात तसाच मांडीवर राहतो.

सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’साठी याच आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. लोक घाबरलेले, त्याही घाबरलेल्या. आत जाऊन पाठ कोण दाखवणार आणि कोण बघणार? डिसेंबरमध्ये महाराष्ट्रानं क्षयरोग आणि कुष्ठरोगाची संयुक्त शोधमोहीम घेतली, ते फार चांगलं झालं. पण तोवर बरेच महिने गेले होते, आणि नसेला इजा झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत प्रेडनिसोलोन (नसेची सूज उतरवणारं औषध) सुरू झालं तरच हाताची ताकद परत यायची चांगली आशा असते. नंतर गोळ्यांनी जंतू मरतात, वाकडी झालेली करंगळी सरळ होत नाही.

---

प्रेषक: युवा विभाग

ताई, पण राहून गेलेले रुग्ण पुढच्या वर्षांत सापडलेच असतील ना? मलेरियाचंही असंच झालं का?

---

प्रेषक: सभासद (पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ)

मलेरियाचा हिशेब लगेच समोर येतो. 2020 आणि 2021 मध्ये सेवा विस्कळीत झाल्यानं जगात सुमारे 1 कोटी 30 लाख जादा रुग्ण आणि 63 हजार जादा मृत्यू झाले, असा आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. तरी बेनिनसारख्या देशानं एप्रिल 2020 मध्ये गर्दी न जमवता घरोघर मच्छरदाण्या पोचवल्या, नाहीतर आकडा आणखी वाढता.

कुष्ठरोगाचं बघ. 2021 मध्ये भारतात 75 हजार रुग्ण सापडले, 2022 मध्ये 1 लाख 4 हजार. 2019 च्या मानानं 2020 आणि 2021 या दोन वर्षांतच मिळून जवळजवळ 90 हजार कमी. ते सगळे नंतर सापडले असते तर एखाद्या वर्षी आकडा 2019 च्या वर उसळला असता. एकदाही उसळला नाही. थोडी घट खरी असेल, आकडे आधीपासूनच हळूहळू उतरत होते. पण 90 हजारांचा खुलासा त्यानं होत नाही. शिवाय रुग्णच सापडला नाही तर घरच्यांना द्यायचा रिफाम्पिसिनचा प्रतिबंधक डोसही राहतो, आणि मुलांना लागण होत राहते.

काका, माझी विनंती अशी की देणगी थांबवू नये, उलट कशासाठी ते लिहून द्यावं: मोहीम न पोचलेल्या पाड्यांवर जाणाऱ्या तंत्रज्ञाचं पेट्रोल, बधिर पायांसाठी एमसीआर (मऊ रबराच्या) चपला आणि बोटांना आधार द्यायला स्प्लिंट.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

ताई, सभेच्या टिपणात 2019 ते 2023 प्रत्येक वर्षाचा आकडा घालतो आहे. संस्थेकडून पाड्यांची यादी आणि चपलांची मापं मागवतो. रविवारी तुम्ही दहा मिनिटं बोलाल का?