दात पांढरे करण्याच्या उपचारात दाताचे नेमके काय होते?

प्रश्न – मावशी, रामबाग, इंदूर

माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. तिचे दात लहानपणापासून किंचित पिवळसर आहेत. चहा ती क्वचितच घेते आणि पान-सुपारीचा तर प्रश्नच नाही. शाळेत असताना सायकलवरून पडल्यामुळे तिच्या समोरच्या एका दाताचे रूट कॅनाल करावे लागले होते आणि तो दात आता करडा दिसू लागला आहे. घराजवळच्या एका ब्युटी पार्लरमध्ये निळ्या दिव्याखाली तासाभरात दात पांढरे करून देऊ, असे तिला सांगण्यात आले, तर घरातील वडीलधाऱ्यांचा लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा आग्रह आहे. या उपचारात दात घासून पातळ केला जातो का, रंग नेमका कशामुळे बदलतो, आणि लग्नापूर्वी किती आधी हे करावे, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर – एक दंतवैद्य, इंदूर

ताई, आपण उपचाराआधी त्याची प्रक्रिया विचारलीत, हे फार चांगले केलेत, कारण दाताचा रंग कोठून आला आहे यावरच उपचार ठरतो. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते अर्धपारदर्शक असते. त्याच्या आतले डेंटिन मुळातच पिवळसर असते आणि तोच रंग बाहेर डोकावतो. ज्यांचे इनॅमल जन्मतः पातळ किंवा अधिक पारदर्शक असते, त्यांचे दात पूर्ण निरोगी असूनही पिवळे दिसतात. आपल्या भाचीचे तसेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. चहाचा, तंबाखूचा किंवा कातचुन्याचा थर दाताच्या पृष्ठभागावर बसतो आणि तो स्केलिंग व पॉलिशिंगने, म्हणजे दवाखान्यात दात खरवडून साफ करून गुळगुळीत केल्याने, निघतो. आतल्या रंगावर मात्र स्केलिंगचा काहीही परिणाम होत नाही.

आतल्या रंगासाठी ब्लीचिंग करतात आणि त्यात दात घासला जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्याचेच युरियाबरोबरचे संयुग असलेले कार्बामाइड पेरॉक्साइड, जेलच्या रूपात दातावर लावले जाते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की तो इनॅमलमधील सूक्ष्म वाटांनी डेंटिनपर्यंत झिरपतो. तेथे त्यापासून तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे घटक रंगीत सेंद्रिय रेणूंमधील दुहेरी बंधांच्या साखळ्या तोडतात. त्या साखळ्याच प्रकाश शोषून घेत असल्यामुळे त्या तुटल्या की दात फिकट दिसू लागतो. म्हणजे रंगद्रव्य खरवडून बाहेर काढले जात नाही, ते जागच्या जागी बदलते.

दात शिवशिवण्याचे कारणही यातच आहे. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या नसेपर्यंत पोहोचते, त्यामुळे काही दिवस गार पाण्याने कळ येते. ती बहुधा आपोआप थांबते आणि पोटॅशियम नायट्रेट असलेल्या टूथपेस्टने आराम पडतो. किडलेला दात किंवा उघडे पडलेले मूळ असेल, तर मात्र आधी त्यावर उपचार झालाच पाहिजे. दवाखान्यात वापरले जाणारे जेल २५ ते ४० टक्क्यांपर्यंत तीव्र असते आणि हिरड्यांना लागले तर त्या भाजतात, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावावा लागतो. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादने थेट ग्राहकाला विकता येत नाहीत, ती दंतवैद्यामार्फतच मिळतात आणि पहिल्या वेळी दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावी लागतात. तपासणीच न करता तीव्र जेल लावणाऱ्या पार्लरमध्ये मुलीला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

करड्या दाताची गोष्ट निराळी आहे. मार लागल्यावर आत झालेल्या रक्तस्रावातील घटक डेंटिनमध्ये शिरून तो काळवंडतो, त्यामुळे बाहेरून जेल लावून तो शेजारच्या दातांशी सहसा जुळत नाही. एक्स-रे काढून रूट कॅनाल व्यवस्थित आहे याची खात्री करावी लागते, भरावाच्या वर संरक्षक थर द्यावा लागतो आणि मग दाताच्या आतच ब्लीचिंगचे औषध काही दिवस ठेवून वरून तात्पुरता भराव करतात. क्वचित यानंतर दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीलगत, मुळाची झीज होते, म्हणून हे काम अनुभवी व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

उत्तर – रसायनशास्त्राच्या शिक्षिका, तिलकनगर

डॉक्टरांनी रसायन नेमके सांगितले आहे. मी निळा दिवा आणि लिंबू यांविषयी लिहिते. दिव्यामुळे अंतिम रंगात टिकाऊ फरक पडतो असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. तासभर तोंड उघडे राहिल्याने दात कोरडे पडतात आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो, त्यामुळे खुर्चीवरून उठल्याबरोबर आरशात दिसणारा रंग खरा मानू नये. लाळेने दात पुन्हा ओले झाले की त्यातील काही भाग ओसरतो. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) २ ते २.५ च्या आसपास असतो, तर इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. आम्लाने मऊ झालेल्या दातावर ब्रश फिरवला की इनॅमल झिजते, ते पुन्हा उगवत नाही, आणि खालचे पिवळे डेंटिन अधिकच दिसू लागते. वडीलधाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण हा उपाय कृपया थांबवावा.

प्रश्नकर्त्या मावशी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. नवऱ्या मुलाचे बालपण धार जिल्ह्यातील एका गावात गेले असून त्याच्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग आहेत. त्यालाही हाच उपचार चालेल का? आणि भाचीच्या दुसऱ्या एका दातात भरलेले सिमेंट आहे, त्याचा रंग बदलेल का?

उत्तर – एक दंतवैद्य, इंदूर

धार-झाबुआ पट्ट्यातील अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, म्हणजे इनॅमल घडत असताना, त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर इनॅमल सच्छिद्र बनते आणि पुढे त्यात तपकिरी रंग मुरतो. असे डाग ब्लीचिंगने फिकट होतात, पण पांढरे पट्टे जात नाहीत, उलट सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात. त्यांसाठी सौम्य आम्ल आणि बारीक अपघर्षक यांनी इनॅमलचा अगदी पातळ थर काढण्याची पद्धत आहे. डाग खोल असतील तर वरून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा भराव) किंवा व्हिनियर (दातावर चिकटवायचे पातळ कवच) लावावे लागते. शासकीय दंत महाविद्यालयात या तपासणीची सोय होऊ शकेल.

भराव, कॅप आणि व्हिनियर यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. म्हणून आधी दात हव्या त्या छटेला आणावेत आणि त्यानंतर किमान दोन आठवडे थांबून समोरचा जुना भराव बदलावा, कारण दातात शिल्लक राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवे कॉम्पोझिट नीट चिकटत नाही. घरी ट्रेमध्ये जेल लावण्याची पद्धत सावकाश पण सौम्य आहे आणि तिला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे लग्नाच्या किमान तीन महिने आधी पहिली तपासणी करून घ्यावी.