शब्दचर्चा : ‘रान’, ‘राई’, ‘जंगल’ आणि ‘वन’ एकच का?

प्रश्न :

सह्याद्रीतल्या झाडोऱ्यावर शाळेसाठी एक पाठ लिहिते आहे. माणसाचा वावर आणि पाऊसपाणी यांमुळे झाडांच्या जाती कशा बदलतात, हा विषय. मी देवराई, रान, जंगल, वन असे चारही शब्द वापरले होते. तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘वन’ करून टाकलं. हे शब्द खरंच समानार्थी आहेत का? आणि ‘बाधित वन’ला काही बरा शब्द आहे का?

उत्तर :

समानार्थी नाहीत. तुमच्या पाठात तर ते एक करूच नयेत, कारण तुम्हाला जे सांगायचंय ते या शब्दांतच आहे.

आधी ‘जंगल’ घेऊ. आज आपण तो दाट झाडीसाठी वापरतो, पण मूळ संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा प्रदेश. चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जांगल देशात खैर, धावडा, सालई, बोर, शमी. आनूप म्हणजे पाणथळ देशात नारळ, केळ. हस्तिनापुराभोवतीच्या मुलखाला कुरुजांगल म्हणत. म्हणजे पाऊस किती आणि त्यावर झाडं कोणती, हा हिशेब या शब्दात पूर्वीपासून आहे. आपल्याकडे तो डोळ्यांनी पाहायचा तर महाबळेश्वरहून वाईला उतरा. वर वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांची सदाहरित झाडी. घाट उतरून वाईला याल तोवर पाऊस जेमतेम सात-आठशे मिलिमीटरवर येतो आणि बाभूळ, बोर दिसू लागते. तिथे माणसाने एकही फांदी तोडली नसती तरी वाईला महाबळेश्वरची झाडी आली नसती.

‘रान’ आला ‘अरण्या’वरून, पण वापरात तो माणसाच्या जवळचा झाला. देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे सरळ शेतात गेलाय. कोकणात रान म्हणजे गावाच्या रोजच्या उपयोगातली झाडी : सरपण, कवळ, करवंदं, गुरं, सगळं तिथलंच. या वापराने रानाची घडण बदलते, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं भातासाठी राब भाजतात तिथे. ऐन, किंजळ यांच्या पानांसकट कोवळ्या फांद्या तोडायच्या, ती कवळ. वाळली की तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या जागेवर पसरायची, जोडीला शेण आणि पालापाचोळा, वरून माती, आणि पाऊस यायच्या आधी पेटवायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, तरवा जोमाने येतो. आता यात झाडांकडे पाहा. ऐन आणि किंजळ छाटले तरी पुन्हा फुटतात. वर्षानुवर्षं छाटलेल्या ऐनाला सरळ फांदी अशी राहतच नाही, खोडाला गाठीगाठी आणि वर फुटव्यांचा झुबका. सदाहरित झाडांच्या बऱ्याच जातींना हे सोसत नाही. त्यांची रोपं सावलीत आणि ओलाव्यात वाढणारी. वरचं छत मोकळं झालं की जमीन वाळते, पाचोळा जातो, रोपं मरतात. मग उरतं ते फुटव्यावर जगणारं, पानगळीचं रान, आणि खाली ऊन मिळाल्याने कारवी नि करवंदाच्या जाळ्या.

‘राई’ म्हणजे राखलेली झाडी. आमराई माणसासाठी राखलेली, देवराई देवासाठी. रत्नागिरीकडे तिलाच देवरहाटी म्हणतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं वनस्पतिशास्त्रीय मोल पुढे आणलं. कुऱ्हाड चालत नसल्याने इथे गारंबीसारख्या प्रचंड वेली टिकल्या, ज्यांच्या शेंगा हातभर किंवा त्याहून लांब असतात. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. बारमाही ओल्या चिखलात वाढणारी रानजायफळाच्या कुळातली झाडं तिथे आहेत. अशीच दलदल सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे आहे. झाडं तोडली किंवा झऱ्याचं पाणी वळवलं, दोन्हींपैकी काहीही झालं तरी ती संपेल. माणूस आणि पाणी वेगळे काढता येत नाहीत याचं याहून चांगलं उदाहरण पाठाला मिळणार नाही.

‘वन’ ठेवा वनखातं, राखीव वन अशा सरकारी अर्थाला.

‘बाधित’ मात्र काढाच. कशाने बाधित ते त्यातून कळत नाही. तोडीचं रान, छाटलेलं रान, वणव्याचं रान, चराईचं रान असं म्हणा. चौथीतलं मूलही समजेल.

आणखी एक प्रतिसाद :

‘रानमोडी’ राहिली. कोकणात रस्त्याकडेला, तोडलेल्या जागी माजते ती, मूळची अमेरिका खंडातली. नावातच तक्रार आहे : रान मोडणारी. टणटणी किंवा घाणेरीही तिकडचीच, इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून आणलेली. दाट राईच्या आत या फारशा शिरत नाहीत. कडेला, जिथे ऊन पडतं तिथे थांबतात. छत फाटलं की आत येतात.

प्रश्नकर्ती :

फार उपयोग झाला. मग माणसाचा हात लागला की विविधता घटतेच, असं लिहू का?

उत्तर :

तसं सरसकट नको. टाकळा, कुरडू या रानभाज्या मोकळ्या, हात लागलेल्या जमिनीवरच्या. गच्च देवराईत टाकळा शोधून मिळणार नाही. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरी घेऊन पुढे काही वर्षं ती पड ठेवत, तेव्हा एकाच डोंगरावर वेगवेगळ्या वयाची झाडी असे, आणि प्रत्येक टप्प्याच्या जाती वेगळ्या. पड ठेवण्याचा काळ आखडला तेव्हा मोठी झाडं परतायला वेळच उरला नाही. म्हणून ‘वापर’ एवढंच लिहू नका. किती वर्षांनी आणि कशाचा, तेही लिहा.

आणि माळरानाला ‘ओसाड’ म्हणू नका, ही कळकळीची विनंती. कमी पावसाचा माळ हा मोडलेलं जंगल नव्हे. गवतं, कंदवर्गी फुलझाडं, पावसाळ्यात महिना-दीड महिना जगणाऱ्या इवल्या वनस्पती तिथल्या हक्काच्या आहेत. कागदावर ‘पडीक’ लिहिलं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावली गेली. तीही परदेशी. तिच्या दाट सावलीत मूळचं गवत आणि फुलं मागे हटतात. वरून हिरवं दिसतं म्हणून तिथे विविधता वाढली असं मुलांना वाटू नये, एवढं एक वाक्य पाठात घाला. गिरिपुष्पापुढे कंस करून उंदीरमारी हे नावही द्या. गावाकडची मुलं तिला त्याच नावाने ओळखतात.