मदत हवी आहे: कुडची-मिरज कॉलेजसाठी रेल्वे पास

मंडळी, धाकट्या बहिणीला मिरजेत बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, रोज कुडचीहून पॅसेंजरनं जाणार. पदवीपर्यंत मुलींना घर ते कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास मोफत मिळतो, एवढं पक्कं आहे. अडचण पुढची. कॉलेज महाराष्ट्रात, आधारवरचा पत्ता कर्नाटकातला. कुडची दक्षिण पश्चिम रेल्वेत, मिरज मध्य रेल्वेत. मग कॉलेजचा दाखला कुठं द्यायचा, कुडचीला की मिरजेला? एका खिडकीवर तर प्राचार्यांचा शिक्का असलेला कागद न उघडताच "तिकडं विचारा" म्हणून परत सरकवला. आणि संध्याकाळी पॅसेंजर चुकली तर याच पासवर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चालतं का? पोरगी हुशार आहे, जाण्यायेण्यापायी तिचं शिक्षण अडायला नको. सीमाभागातल्या कुणी हा पास काढला असेल तर कागदपत्रांसकट सांगा की, प्लीज.