मदत हवी आहे: अन्नाची नासाडी नेमकी किती टक्के? (तातडीचं)

घाईत_आहे

एका प्रस्तावासाठी आकडा हवा आहे, उद्या दुपारपर्यंत. अन्नटंचाई असलेल्या देशांत अन्नाची नासाडी किती होते, बास एवढंच. मी "एक तृतीयांश" लिहिलं होतं, सगळीकडे तेच छापलेलं असतं. तपासणाऱ्यांनी त्याच्याशेजारी भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. शोधायला बसले तर एका ठिकाणी १४ टक्के, दुसरीकडे १९, तिसरीकडे १३.२. आणि हे सगळे आकडे संयुक्त राष्ट्रांच्याच संस्थांचे! खरा कुठला धरायचा? "गूगल करा" म्हणू नका, तिथूनच दमून इथे आले आहे.

तिरकस

कुठला देश? कुठलं पीक?

घाईत_आहे

त्यानं काय फरक पडतो? प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात टाकायचाय.

तिरकस

मग ३३ टाका आणि पुढच्या प्रश्नचिन्हाची वाट बघा.

आकडेमोड

तिरकसराव, जरा दमानं. ताई, चारही आकडे खरे आहेत, फक्त चौघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

एक तृतीयांश हा एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, २०११ च्या अभ्यासातला. शेतापासून ताटापर्यंत, माणसाच्या खाण्यासाठी पिकवलेल्या अन्नापैकी, वजनात. जगभरात वर्षाला सुमारे १३० कोटी टन. त्या वेळी माहिती इतकी तुटपुंजी होती की बऱ्याच ठिकाणी एका देशाचे आकडे शेजारच्यांना लावून काम भागवलं होतं. १४ टक्के हा त्याच संस्थेचा २०१९ चा. तो कापणीनंतर सुरू होतो आणि किरकोळ दुकानाच्या दारात थांबतो. शिवाय त्यात किलो मोजत नाहीत, मालाची किंमत धरतात, म्हणजे टनभर मका आणि टनभर मांस सारखं धरलं जात नाही. १३.२ हे त्याचंच नंतरचं रूप. १९ टक्के मात्र संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा, २०२४ च्या अहवालातला: दुकानं, खानावळी आणि घरं मिळून २०२२ साली १०५ कोटी टन. यात सालं, हाडं, बिया असं न खाण्याजोगंही धरलंय.

काही लोक १३ आणि १९ ची बेरीज करून "बघा, ३२, म्हणजे पुन्हा एक तृतीयांशच" म्हणतात. त्यांना माझा दंडवत. एक आकडा किमतीतला, एक वजनातला.

घाईत_आहे

धन्यवाद, पण मग मी कुठला टाकू?

आकडेमोड

तेच तर तिरकस विचारतोय. कुठला देश?

समईवाली

मला वाटतं आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा सवयी बदलायला हव्यात. ताटात आधी थोडंच वाढून घ्यावं, यादी करूनच खरेदी करावी, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरावं. २०२४ मध्ये जगात ६७ कोटींवर माणसं भुकेली होती आणि आपण अन्न टाकतो, लाज वाटायला हवी.

तिरकस

ताई, भावना पोचली. पण प्रश्न ज्या देशांचा आहे तिथे ताटात उरतच नाही. २०११ च्याच अभ्यासात आहे: युरोप-उत्तर अमेरिकेत ग्राहक माणशी वर्षाला ९५ ते ११५ किलो टाकतो, सहाराखालच्या आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियात ६ ते ११. तिथे ताट लहान करा म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

आकडेमोड

अर्धंच खरं. २०२४ च्या अहवालात उच्च, उच्च-मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती वाया जाणाऱ्या अन्नात माणशी जेमतेम ७ किलोंचा फरक निघाला. तेव्हा "गरीब देशातला ग्राहक टाकत नाही" हे आता तितकंसं टिकत नाही.

तिरकस

सालं-हाडं धरून. ताजा भाजीपाला घरी सोलणाऱ्याची सालं त्याच्या नावावर चढणार, आणि डबाबंद घेणाऱ्याची कारखान्याच्या. शिवाय सर्वांत गरीब देशांचा गट त्या तुलनेत नाहीच, तिथली पुरेशी मोजणीच झालेली नाही. आणि टंचाई खरी तिथे आहे.

आकडेमोड

हा मुद्दा मान्य.

समईवाली

मी चांगल्या भावनेनं लिहिलं होतं. चालू द्या तुमचं.

घाईत_आहे

अहो, मलावी! मका! झालं समाधान? प्रकल्पच तिथला आहे तर दुसरा देश कुठला असणार.

तिरकस

आम्हाला स्वप्न पडणार होतं का?

कणगी

मलावी म्हटल्यावर आलो. पूर्व आफ्रिकेत साठवणुकीच्या कामात होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या कामासाठी जागतिक आकडा विसरा. आफ्लिस नावाची यंत्रणा आहे, आफ्रिकेतल्या कापणीनंतरच्या हानीसाठीच काढलेली. तिथे देश, प्रांत, पीक, वर्ष आणि टप्पा यांनुसार अंदाज मिळतो: कापणीत किती, वाळवताना किती, मळणीत, वाहतुकीत, घरच्या साठवणीत किती. तुमच्या प्रांताचा मक्याचा आकडा काढा आणि कुठल्या टप्प्याचा ते वाक्यातच लिहा. पार्श्वभूमीला काही हवंच असेल तर जागतिक बँकेचा २०११ चा अहवाल: सहाराखालच्या आफ्रिकेत धान्याची कापणीनंतरची हानी वर्षाला ४०० कोटी डॉलरची, म्हणजे ४ कोटी ८० लाख माणसांच्या वर्षभराच्या किमान गरजेइतकी.

आता टक्क्यांत न दिसणारी गोष्ट. मलावीत मका निघतो साधारण एप्रिल ते जून. भुकेचे महिने असतात डिसेंबरच्या आसपासपासून पुढचं पीक हाती येईपर्यंत. कापणीनंतर सगळ्यांचा मका एकदम बाजारात, भाव पडलेला. शेतकरी तेव्हाच विकतो, कारण पैशाची नड असते आणि घरात ठेवला तर किडा खाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तोच माणूस जानेवारीत चढ्या भावानं मका विकत घेतो. किड्यानं त्याचा एकही दाणा खाल्ला नाही, हानीच्या तक्त्यात शून्य. पण किड्याच्या धाकानं त्याचं जे गेलं ते कुठल्या रकान्यात घालणार?

किडाही साधा नाही. सोंडे जुनेच. पण धान्य पोखरणारा मोठा भुंगेरा मूळचा मध्य अमेरिकेतला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात पोचला आणि तिथून पसरला. काही महिन्यांत कणसाचं पीठ करतो. सोंड्यांवर चालणारी भुकटी याच्यावर नीट चालत नाही, म्हणून दोन औषधांचं मिश्रण वापरावं लागतं.

उपाय: हवाबंद पोती. आत प्लास्टिकचे दोन अस्तर, बाहेर विणलेलं पोतं, तोंड पिळून घट्ट बांधायचं. आतले किडे आतलाच प्राणवायू संपवतात आणि मरतात. औषध नको. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हे तंत्र निघालं.

बुरशीवाला

कणगीदादा, पोत्याचं गुणगान बास. ओला मका हवाबंद पोत्यात भरला तर आत काय होतं ते लिहा की.

कणगी

सुकवूनच भरायचा, हे काय सांगायला हवं?

बुरशीवाला

हवं! सगळे तेच गृहीत धरतात. ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय तोंड बांधायचं नाही. केनियात २००४ साली अफ्लाटॉक्सिननं, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषानं, ३१७ जण आजारी पडले, १२५ गेले. बहुतेकांनी घरचाच, ओलसर साठवलेला मका खाल्ला होता. आणि हानीच्या हिशोबाचा खरा घोळ इथे आहे. पोट भरलेल्या घरात बुरशीचा मका फेकतात, तो "नासाडी" म्हणून मोजला जातो. उपाशी घरात पाखडून, निवडून, दळून खातात. म्हणजे कागदावर हानी कमी! टंचाईच्या देशात वजनातली घट कमी दिसली म्हणून खूश होऊ नका.

कणगी

मुद्दा बरोबर, पण तुमचं ऐकून लोक पोतीच घेणार नाहीत.

बुरशीवाला

वाळवायला ताडपत्री आधी घ्या, पोती नंतर. एवढंच म्हणतोय. शिवाय तो भुंगेरा प्लास्टिकही पोखरतो.

कणगी

बाहेरून क्वचित. आतल्या किड्यानं अस्तराला भोकं पाडल्याचं पाहिलंय, तरी दुसरं अस्तर बहुतेक वेळा निभावून नेतं. उंदरांचं म्हणाल तर हो, ती वेगळी डोकेदुखी, पोती मंचावर आणि भिंतीपासून लांब ठेवावी लागतात.

भटका_जीव

अवांतर: मलावीतच २००१-०२ च्या संकटाआधी सरकारी राखीव साठ्यातलं धान्य जवळजवळ सगळं विकून टाकलं होतं ना? त्यावर बराच वाद झाला होता. किडे परवडले.

आकडेमोड

हो, पण त्यावर वेगळा धागा काढा. इथे घुसलात तर ताईंचा आकडा राहील.

घाईत_आहे

आकडेमोड, आभार. कणगीदादा, आफ्लिसमधून प्रांताचा आकडा मिळाला, साठवणीचाही वेगळा मिळाला. पण पोती, ताडपत्री हे सगळं माझ्या कामाचं नाही हो. प्रस्ताव सौरऊर्जेवरच्या शीतगृहाचा आहे. ते समितीनं आधीच ठरवलंय, मला फक्त समर्थनाला आकडा हवा होता.

तिरकस

वाळवून ठेवायच्या मक्यासाठी शीतगृह?

कणगी

हे आधी का नाही सांगितलंत!

घाईत_आहे

प्रश्न आकड्याचा होता, शीतगृहाचा नाही.

बर्फाळ

शीतगृहाला एकदम हसू नका. टोमॅटो, पालेभाजी, दूध, मासे यांच्यात खरी घट तिथेच थांबते. नायजेरियात टोमॅटो वेताच्या टोपल्यांत एकावर एक रचून नेतात, खालचे चिरडतात. नुसते प्लास्टिकचे क्रेट वापरले तरी बराच फरक पडतो, आणि गारवा असेल तर आणखी. ताई, गावात मक्याबरोबर भाजीपाला किंवा मासळी आहे का?

घाईत_आहे

तलावाकाठचं गाव आहे. मासे आहेत.

तिरकस

"तलावाकाठचं गाव आहे." एकोणतिसाव्या प्रतिसादात.

बर्फाळ

मग प्रस्तावाचं पीकच बदला. छोटी मासळी तिथे वाळूवर पसरून वाळवतात, पाऊस आला की सडते, पक्षी नेतात. शीतगृहापेक्षाही आधी उंच मांडव करून त्यावर वाळवणं स्वस्त पडतं. बुरुंडीत टांगानिका तलावाकाठी हे चांगलं चाललं. शीतगृहच हवं असेल तर मासळीसाठी मागा आणि वीज, दुरुस्ती, रोजचं भाडं कोण भरणार ते लिहा. मक्याचा आकडा देऊन शीतगृह मागितलंत तर पुढचं प्रश्नचिन्ह आणखी मोठं येईल.

आकडेमोड

अगदी. एक पुस्ती: एफएओच्या २०१९ च्या अहवालाचाच सूर असा आहे की टंचाईच्या देशांत शेताजवळची, छोट्या शेतकऱ्याच्या घरातली हानी कमी केली तर अन्नसुरक्षेला जास्तीत जास्त फायदा होतो. ते वाक्य तुमच्या प्रस्तावनेला एक तृतीयांशपेक्षा बरं शोभेल.

घाईत_आहे

समितीला हे कोण सांगणार? बरं, असं केलं तर: मका साठवणीला पोती आणि ताडपत्री, मासळीला मांडव, शीतगृह दुसऱ्या टप्प्यात? अंदाजपत्रक पुन्हा करावं लागेल पण एकूण रक्कम कमी होईल, त्यावर ते खूश होतील.

कणगी

आता कसं बोललात.

हिरवागार

कोणी कंपोस्टचा उल्लेखच केला नाही? ओला कचरा वेगळा केला की...

तिरकस

हिरवागार, वरचं वाचा. सगळं.

घाईत_आहे

शेवटचं एक. ओलावा मोजायचं यंत्र महाग आहे, गावागावात कसं देणार? अंदाजपत्रकात बसत नाही.

बुरशीवाला

यंत्र नको. झाकणाची कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठभर मका आणि चमचाभर कडक उन्हात वाळवलेलं मीठ. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, मग थोडा वेळ तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर, परत ताडपत्रीवर पसरा. नाही चिकटलं तर १५ च्या खाली, पण हवाबंद पोत्यासाठी तरी आणखी एक दिवस ऊन द्या. आणि मीठ प्रत्येक वेळी नव्यानं वाळवून घ्या, तेच ओलं असलं की सगळा मका ओला दाखवतं.