गाडीचा एसी मधूनच गरम हवा देतो : गॅस भरण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी, आठ वर्षे जुनी छोटी गाडी आहे. सकाळी तिचा एसी उत्तम चालतो. परंतु दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास गाडी चालली की गारवा एकाएकी नाहीसा होतो आणि झोतातून गरम हवा येऊ लागते. एसी बंद ठेवून थोडा वेळ गेला की पुन्हा काही काळ गार हवा मिळते. भंवरकुआँच्या गर्दीत असे होते, तसेच राऊहून महूकडे जाताना मोकळ्या रस्त्यावरही होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत एसी पूर्ववत झालेला असल्याने तेथे दोष दिसला नाही, तरीही गॅस भरून घेण्याचा सल्ला मिळाला. मे महिन्यात वयस्कर आईला ओंकारेश्वरला न्यायचे आहे आणि त्या उन्हात बंद पडणारा एसी तिला सोसणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (रामबाग, इंदूर, वाहनांच्या एसी दुरुस्तीचा व्यवसाय)

गॅस भरण्याची घाई कृपया करू नका. गॅस कमी असेल तर गारवा सहसा सर्व वेळ कमी राहतो आणि दिवसेंदिवस घटत जातो. सकाळी उत्तम आणि दुपारी शून्य, असे सहसा होत नाही. शिवाय जो गॅस आत आहे तो किती आहे हे न मोजता वरून आणखी भरला, तर उच्च दाबाच्या बाजूचा दाब वाढतो आणि आज नसलेला दोष उद्या निर्माण होतो.

आपल्या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट आलेली नाही, ती म्हणजे गारवा गेल्यावर हवेचा झोत तेवढाच राहतो की मंदावतो. डॅशबोर्डच्या आतील कूलिंग कॉइलवर बर्फ जमत असेल, तर हवेची वाट अडते आणि ब्लोअरचा आवाज तसाच राहूनही झोत क्षीण होतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो, गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी पडते आणि एसी सुधारल्यासारखा वाटतो. अशा वेळी कॉइलचे तापमान सांगणारा थर्मिस्टर आणि केबिन फिल्टर पाहावा लागतो. झोत मात्र जोरदार राहून नुसता गारवा जात असेल, तर गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर थांबतो का हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी दोष चालू असतानाच गाडी सुरक्षित जागी उभी करावी, इंजिन व एसी चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि कॉम्प्रेसरच्या पुलीकडे दुरून पाहावे. पट्ट्यामुळे पुली तर फिरतच राहते. प्रश्न तिच्या पुढची चकती फिरते की नाही, हा आहे. ही चकती क्लचची असते आणि ती पुलीला चिकटली तरच कॉम्प्रेसर फिरतो. ओढणी, सैल बाही किंवा हात जवळ नेऊ नये, कारण रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो. त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही.

उत्तर २ (वडोदरा)

त्याच वेळी कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गरम गॅस निववणाऱ्या जाळीचा, पंखाही पाहून घ्यावा. आमच्या गाडीचा एसी सिग्नलवर गरम आणि हायवेवर गार होत असे. तेव्हा दोष पंख्यात निघाला होता. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळत नाही, गॅसचा दाब वाढत जातो आणि दाबावर लक्ष ठेवणारा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आपल्याकडे मोकळ्या रस्त्यावरही तसेच होते, त्यामुळे हे कारण मला दुय्यम वाटते. परंतु पाहायला काही खर्च येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल राऊजवळ गारवा गेल्यावर पाहिले. झोत पूर्वीइतकाच जोरात होता आणि पंखा चालू होता. पुली फिरत होती, पण पुढची चकती स्थिर होती. सोबत असलेल्या इलेक्ट्रिशियन मित्राने क्लचची तार जोडलेली ठेवूनच मीटर लावला, तेव्हा साडेतेरा व्होल्ट मिळाले. सावलीत गाडी निवल्यावर चकती 'टक' आवाज करून पुन्हा फिरू लागली.

उत्तर १ (रामबाग, इंदूर)

मित्राने तार न काढता मोजले, हे फार चांगले केले. तार काढून मोजल्यास क्लचची वीज चालू-बंद करणारा रिले खराब असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसू शकते. गाडी एसीला चालू राहण्याची आज्ञा देत आहे आणि वीजही पोहोचते आहे, म्हणजे प्रेशर स्विच, रिले आणि थर्मिस्टर यांच्यावरचा संशय जवळजवळ संपला. आता क्लच उरतो.

या क्लचमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल चुंबक बनून चकतीला पुलीकडे ओढते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि त्यांच्यातील फट वाढते. गार असताना कॉइल तेवढी फट ओलांडून चकती खेचू शकते. परंतु तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. 20 अंशांना 3.6 ओहम असलेली कॉइल 100 अंशांना साधारण 4.7 ओहम होते आणि साडेतेरा व्होल्टवर तिच्यातील प्रवाह पावणेचार अँपिअरवरून तीनच्याही खाली येतो. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती जवळपास निम्मी होते. माळव्यातल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली हे तापमान सहज गाठले जाते, म्हणूनच दोष दुपारी प्रकट होतो आणि गॅरेजमध्ये सापडत नाही.

खात्रीसाठी मेकॅनिकला गाडी गरम असतानाच इंजिन बंद करायला सांगावे आणि फ्यूज असलेल्या तारेने बॅटरीची वीज थेट क्लचला द्यायला लावावी. चकती आपोआप चिकटली नाही, पण हलकेच दाबल्यावर घट्ट धरली गेली, तर फट वाढल्याचे नक्की समजावे. चालू इंजिनवर काठीने चकती ढकलून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे, कोणालाही करू देऊ नये.

पुढे फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजावी. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये ती 0.3 ते 0.6 मिलिमीटर अपेक्षित असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. चकतीच्या मागे शिम म्हणतात त्या पातळ कड्या असतात. त्यातली एक काढली किंवा पातळ घातली की फट जाग्यावर येते, आणि गॅसची नळी एकही उघडावी लागत नाही. काढण्यासारखी शिम उरलीच नसेल, चकती जळून निळी पडली असेल किंवा पुलीची बेअरिंग आवाज करत असेल, तर मात्र पूर्ण क्लच सेट बदलावा. त्यासाठी कॉम्प्रेसर बदलण्याची गरज नसते.

यानंतरही गारवा कमी वाटला तरच गॅसकडे वळावे, आणि तेव्हा आधी लीकेज शोधून, असलेला गॅस मशीनने काढून घेऊन, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिले आहेत तितकाच गॅस वजन करून भरायला सांगावे. उभ्या, बंद गाडीतला दाब पाहून 'गॅस पूर्ण आहे' असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये, कारण 40 अंश तापमानाला आर-134ए (गाडीच्या एसीत वापरला जाणारा गॅस) थोडा असो वा पुरेसा, आत द्रव शिल्लक असेतोवर कमी व उच्च दाबाचे दोन्ही गेज सुमारे 130 पीएसआयच दाखवतात.