सुट्टीचा ऑटो-रिप्लाय: चालू ठेवायचा की सगळ्यांचाच बंद करायचा?

बुटीबोरीवाला

आमची कंपनी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत, साठेक मेलबॉक्स, सर्व्हर आमचाच. मेल आणण्या-नेण्याला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डोव्हकॉट आणि वेबमेलला राउंडक्यूब. हे सगळं मीच पाहतो. मागच्या मे महिन्यात एक लफडं झालं आणि तेव्हापासून साहेब म्हणून राहिले की सुट्टीचा ऑटो-रिप्लाय सगळ्यांचा बंद कर. माझं म्हणणं उलट आहे, म्हणून इथे टाकतोय.

झालं असं की आधीच्या माणसाने जुन्या वेबमेलमध्ये एक प्लगइन बसवलं होतं, ते फॉरवर्ड फाइलमधून एक स्क्रिप्ट चालवायचं. ती स्क्रिप्ट येईल त्या मेलला उत्तर द्यायची, आधी कोणाला दिलं याची काही नोंदच नाही. खरेदीतले एक काका रिप्लाय लावून गावी गेले. एका सप्लायरच्या तक्रार सिस्टीमकडून मेल आला, स्क्रिप्टने उत्तर दिलं, तिकडून 'आपली तक्रार नोंदवली' म्हणून नवा मेल, इकडून परत उत्तर, असं शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. मी आलो तेव्हा काकांचा मेलबॉक्स भरलेला, क्यू (जायच्या मेलची रांग) तुंबलेला, वर स्पॅमलाही उत्तरं गेली होती म्हणून आमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता एका ब्लॅकलिस्टवर, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीवर. तीन दिवस आमची कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होती.

पण यात चूक त्या स्क्रिप्टची आहे, ऑटो-रिप्लायची नाही. हा प्रश्न फार जुना आहे आणि सुटलेलाही आहे. सेंडमेल हा जुना मेल सर्व्हर लिहिणाऱ्या एरिक ऑलमनने १९८३ मध्ये अमेरिकेत बर्कलीला 'व्हेकेशन' नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात एकाच माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर द्यायची सोय आहे. पुढे २००४ मध्ये आरएफसी ३८३४ आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारं कागदपत्र), तिच्यात लिहिलंय की उत्तर लिफाफ्यावरच्या, म्हणजे सर्व्हरला सांगितलेल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याला द्या, उत्तरावर 'ऑटो-सबमिटेड' हेडर (मेलच्या डोक्यावरची नोंद) लावा, आणि ज्या मेलवर तो हेडर आधीच आहे त्याला उत्तर देऊ नका. २००८ ची आरएफसी ५२३० म्हणजे सिव्ह फिल्टरमधलं (आलेल्या मेलचं काय करायचं हे सर्व्हरला सांगणाऱ्या भाषेतलं) व्हेकेशन, तेच डोव्हकॉट आज चालवतो. मेलिंग लिस्टला उत्तर नाही, रिकाम्या लिफाफ्याच्या (पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेल्या) मेलला नाही, एकाला सात दिवसांत एकच.

आणि नागपुरात याची गरज जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, आपल्याला ते सांगावं लागत नाही. पण मुंबईच्या गिऱ्हाइकाला काय माहीत? त्याचा साधा कामाचा दिवस असतो, तो वाट पाहत बसतो. शाळांचंही तसंच, उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे आपल्याकडची माणसं जूनच्या शेवटापर्यंत सुट्टीवर, आणि पुण्यावाला म्हणतो जून उजाडला तरी हे लोक अजून सुट्टीवरच काहून?

कुलूपकिल्ली

भाऊ, तुमचं तांत्रिक सगळं बरोबर आहे पण खरी भीती लूपची नाहीच. मी धंतोलीत छोट्या फर्मांचं सिक्युरिटीचं काम करते. ऑटो-रिप्लायमध्ये लोक काय लिहितात ते कधी वाचलंय का? "मी १२ ते २० तारखेपर्यंत सहकुटुंब बाहेरगावी आहे, पेमेंटसाठी अमुक यांना या मोबाइलवर फोन करा." घर रिकामं आहे, किती दिवस आहे, पैशाचं कोण पाहतं, त्याचा नंबर काय, हे सगळं कोणालाही मिळतं, फक्त एक मेल टाकायचा.

माझ्या एका गिऱ्हाइकाकडे असंच झालं. मालक बाहेर, ऑटो-रिप्लाय चालू. दोन दिवसांनी अकाउंटंट पोरीला मालकाच्या नावाने मेल, "मी प्रवासात आहे, फोन लागणार नाही, या सप्लायरचं खातं बदललंय, आजच्या आज पैसे टाक." तिने टाकले. नावही बरोबर, प्रवासही बरोबर, तिला शंका कुठून येणार? पैसे परत आले नाहीत आणि ती पोरगी नोकरी सोडून गेली. म्हणून मी सरळ सांगते, बाहेरच्यांना ऑटो-रिप्लाय बंद. आतल्या आत ठेवा, माझी हरकत नाही.

इतवारी_हिशेब

ताई, त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं, पण बाहेरच्यांनाच बंद केला तर उरलं काय? आतल्यांना तर कोण सुट्टीवर आहे ते रिकाम्या खुर्चीवरून दिसतंच.

मी इतवारीत पंधरा-वीस व्यापाऱ्यांची खाती पाहतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (कर भरायचं विवरण). एखाद्या सप्लायरने बिलात जीएसटी नंबर चुकीचा टाकला तर माझ्या पार्टीला क्रेडिट दिसत नाही, दुरुस्ती त्यानेच करायची असते. मी मेल टाकतो आणि बसतो. उत्तर नाही. दुसरा टाकतो. तिकडचा माणूस लग्नाला गेलाय हे मला २१ तारखेला कळतं! त्याच जागी एक ओळ आली असती, "मी नाही, बिलाचं काम ऑफिसच्या फोनवर सांगा", तर माझं काम दहा मिनिटांत झालं असतं. उत्तर न येणं हे समोरच्याच्या वेळेचं नुकसान आहे, आणि ते नुकसान ज्याचं होतं तो तुमच्या ऑफिसात नसतो म्हणून तुम्हाला दिसत नाही.

रात्रपाळी_सर्व्हर

मी दोन्हीकडून थोडा वेगळा. होस्टिंगमध्ये रात्रीची ड्युटी करतो, तक्रारी माझ्याकडेच येतात. माझं मत असं की कामाचा मेल माणसाच्या नावाच्या पत्त्यावर येतोच काहून? खरेदी, हिशेब, विक्री असे पत्ते करा, दोघं-तिघं ते वाचतील, एक सुट्टीवर गेला तर दुसरा आहे. मग ऑटो-रिप्लायची गरजच नाही पडत.

तरी लावायचाच असेल तर बुटीबोरीवाला भाऊ, तुम्ही एक गोष्ट बोलला नाहीत. सिव्हचा रिप्लाय रिकाम्या लिफाफ्याने जातो, मग एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे ती नोंद) तपासणाऱ्याला पाठवणाऱ्याचं डोमेनच मिळत नाही, तो तुमच्या सर्व्हरचं हेलो नाव (जोडणी करताना सर्व्हर स्वतःचं सांगतो ते) तपासतो. त्या नावाला एसपीएफ रेकॉर्ड आहे का? बहुतेकांकडे नसतो. दुसरं, डोव्हकॉट हा रिप्लाय सेंडमेल कमांडने पोस्टफिक्सला देतो, आणि पोस्टफिक्समध्ये आतून आलेल्या मेलसाठी मिल्टरची (मेलवर सही वगैरे करणाऱ्या जोड-प्रोग्रामची) सेटिंग वेगळी असते, 'नॉन एसएमटीपीडी मिल्टर्स'. ती भरली नाही तर बाकी सगळ्या मेलवर डीकेआयएमची सही (मेल खरंच त्या डोमेनचा आहे याचा पुरावा), नेमकी ऑटो-रिप्लायवर नाही. मग तो जातो स्पॅममध्ये आणि इतवारीवाले दादा म्हणतात उत्तर आलं नाही.

बुटीबोरीवाला

हेलो नावाचा रेकॉर्ड खरंच नव्हता आमच्याकडे, आत्ता टाकला, धन्यवाद. मिल्टरचं आज रात्री पाहतो.

पण वेगळ्या पत्त्यांचं मला अर्धंच पटतं. आमच्याकडे खरेदीचा पत्ता आहे, तरी दहा वर्षांपासूनचा सप्लायर काकांच्या नावावरच मेल टाकतो, कारण त्याचा विश्वास काकांवर आहे, खरेदी नावाच्या डब्यावर नाही. हे नातं मी सर्व्हरवरून बदलू शकत नाही आणि बदलावं असंही वाटत नाही. शिवाय त्या पत्त्याचं एक वेगळंच त्रांगडं आहे. तिथला मेल काकांना आला तरी 'टू' मध्ये काकांचा पत्ता नसतो, म्हणून सिव्ह उत्तरच देत नाही. राउंडक्यूबच्या सुट्टीच्या पानावर आपले पत्ते भरायची जागा आहे, तिथे तो जोडावा लागतो. लोकांना हे कळत नाही, मग स्वतःच चाचणी घेतात, पहिल्या मेलला उत्तर येतं, दुसऱ्याला येत नाही, आणि बिघडलं म्हणून मला फोन. बिघडलेलं नसतं, ती सात दिवसांची आठवण असते.

कुलूपकिल्ली ताई, स्पॅमवाल्याला उत्तर जाण्याचं मी असं बंद केलं: सगळ्यांच्या आधी चालणारी एक सामाईक सिव्ह स्क्रिप्ट ठेवली, तीच स्पॅम उचलून स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकते, त्यामुळे माणसाच्या स्वतःच्या स्क्रिप्टपर्यंत तो मेल पोचतच नाही. राहिला मजकूर. तो मीच ठरवून देईन. "मी सध्या मेल पाहू शकत नाही, काम अडलं असेल तर ऑफिसच्या नंबरवर बोला." तारखा नाहीत, गाव नाही, कोणाचं नाव नाही, मोबाइल तर नाहीच.

धरमपेठकर

शेवटची तारीख मात्र आतून सक्तीची करा. आमच्या ऑफिसात दिवाळीला लावलेला रिप्लाय संक्रांतीनंतरही जात होता, शेवटी एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की तुमचे साहेब बरे आहेत ना. सर्व्हरवर सिव्हचं तारखेचं एक्स्टेन्शन चालू असेल तर राउंडक्यूब सुरुवात आणि शेवट दोन्ही विचारतं. आणि मजकूर मराठीतच ठेवा, खाली हवं तर इंग्रजी. जुन्या स्क्रिप्टमध्ये मराठी विषय लिहिला की प्रश्नचिन्हं दिसायची, सिव्हची स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्येच (मराठी अक्षरंही चालतात अशा पद्धतीत) असते त्यामुळे आता ते कारण राहिलं नाही.

कुलूपकिल्ली

तारखा आणि नावं काढली हे चांगलं केलं, पण माझा मुद्दा उरतोच. "मेल पाहू शकत नाही" एवढ्यावरूनही चोराला कळतं की आज या माणसाच्या नावाने मेल टाकला तर तो लगेच बघणार नाही. साध्या माणसासाठी ठीक आहे. पण मालक आणि ज्यांच्या सहीने पैसे जातात त्यांच्यासाठी बाहेरचा रिप्लाय नको म्हणजे नको. त्यांचा मेल सुट्टीत दुसऱ्या कोणीतरी वाचावा. तेवढं तरी कराल का?

इतवारी_हिशेब

माझं नेमकं तिथेच अडतं ताई. बिलं दुरुस्त करणारा आणि पैसे सोडणारा लहान पेढीत एकच माणूस असतो. बरेचदा तोच मालक. त्याचा मेल वाचणार कोण?

बुटीबोरीवाला

आमच्याकडे पैसे सोडणारे चार जण आहेत. त्यांचा बाहेरचा रिप्लाय बंद ठेवतो आणि सुट्टीत त्यांच्या मेलची प्रत दुसऱ्याकडे, शिवाय खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला तर आधीपासून असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे नाहीत, हे साहेबांकडून लेखी घेतो. बाकीच्या छप्पन्न जणांचा चालू. पोळ्याआधी सेटिंग करतो, मारबतीच्या दिवशी लॉग पाहून किती उत्तरं गेली आणि किती परत आली ते इथेच टाकतो. इतवारीवाल्या दादांच्या एकट्या मालकासाठी मात्र माझ्याकडे आज उत्तर नाही, कोणी तशी पेढी सांभाळत असेल तर लिहा.